औषधाची सरकारी किंमत कशी बघायची आणि मेडिकलचं बिल कसं कमी करायचं

घरात कुणाला बीपी, शुगर, थायरॉइडची गोळी कायमची चालू असेल तर मेडिकलचं बिल दर महिन्याला ठरलेलंच, आणि आपण पाकिटावर एमआरपी छापलीय म्हणजे तीच किंमत असं धरून चालतो, फार तर दहा टक्के डिस्काउंट मागतो आणि विषय संपतो. पण ती एमआरपी कंपनीने स्वतः ठरवलीय की सरकारने बांधून दिलीय हे घरबसल्या पाच मिनिटांत बघता येतं, आणि ते एकदा कळलं की पुढे केमिस्टशी बोलायचं, डॉक्टरांशी बोलायचं की थेट तक्रार करायची हे आपोआप ठरतं. घरातली एखादी स्ट्रिप हातात घ्या आणि मगच पुढे वाचा.

स्ट्रिप उलटी करा. नजरेत भरतं ते ब्रँडचं नाव, ते आत्ता सोडून द्या. त्याच्या आसपास कंटेंट लिहिलेला असतो, 'टेल्मिसार्टन टॅबलेट्स आयपी ४० एमजी' असं काहीतरी. यातलं औषधाचं मूळ नाव, पॉवर किती एमजीची, आणि साधी गोळी आहे, कॅप्सूल आहे की एसआर म्हणजे हळूहळू विरघळणारी, एवढं लिहून घ्या. मग एमआरपी बघा आणि स्ट्रिपमध्ये गोळ्या किती ते मोजा, कारण काही कंपन्या दहाची स्ट्रिप काढतात काही पंधराची, आणि नुसती स्ट्रिपची किंमत बघितली की पंधरावाली महाग वाटते. नेहमी एका गोळीचा भाव काढायचा. बॅच नंबर आणि बनवल्याची तारीख याच बाजूला असते, पुढे लागणार आहे, आत्ताच मोबाईलवर फोटो काढून ठेवा. केमिस्ट कात्रीने चार-सहा गोळ्या कापून देतो तेव्हा नेमका हा भाग त्याच्याकडे राहतो, तर सरळ सांगायचं की मला नाव आणि एक्स्पायरी असलेल्या बाजूचं द्या, किंवा निदान फोटो काढू द्या. आणि सुट्ट्या गोळ्यांचा भाव स्ट्रिपच्या हिशोबानेच लागला पाहिजे, पंधराची स्ट्रिप तीस रुपयांची असेल तर सहा गोळ्यांचे बारा रुपये, 'सुट्टं घेतलं की जास्त पडतं' हे कायद्यात बसत नाही.

आता किमतीचा भाग. आपल्याकडे औषधांच्या किमती बघणारी संस्था आहे एनपीपीए, राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण, १९९७ पासून आहे, आणि ती ज्या आदेशाखाली काम करते तो २०१३ चा औषध किंमत नियंत्रण आदेश, जो अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली निघालाय. या आदेशात औषधं ढोबळमानाने दोन ढिगात पडतात. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतली औषधं पहिल्या ढिगात, यांना कमाल किंमत बांधलेली असते आणि कुठलीही कंपनी त्यावर जाऊ शकत नाही. २०२२ च्या यादीत अशी ३८४ औषधं आहेत. यादीत नसलेलं सगळं दुसऱ्या ढिगात, तिथे कंपनी सुरुवातीची किंमत स्वतःच ठरवते, सरकार फक्त एवढंच बघतं की बारा महिन्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढ होता कामा नये.

हा फरक नीट लक्षात घ्या. कोलेस्टेरॉलसाठी अॅटोरव्हास्टॅटिन यादीत आहे, रोसुव्हास्टॅटिन नाही. दोन्ही त्याच कामाची औषधं, दोन्ही रोज लाखो लोक घेतात, पण एकाला छत, म्हणजे बांधलेली कमाल किंमत, आहे आणि दुसऱ्याला नाही. म्हणून शेजाऱ्याची गोळी स्वस्त आणि माझी महाग का असा प्रश्न पडला तर आधी हे तपासा की दोघांचं औषध एकच आहे का, कारण बऱ्याचदा डॉक्टरने काय लिहिलं यावरच तुम्ही कुठल्या ढिगात गेलात ते ठरतं.

छत कसं बांधतात तेही समजून घ्या, कारण सरकारने किंमत ठरवली म्हणजे ती स्वस्तच असणार हा समज इथे गळून पडतो. आधी, म्हणजे १९९५ च्या आदेशात, औषध बनवायला किती खर्च येतो त्यावरून किंमत काढायचे, पण ती फक्त ७४ मूळ औषधांना लागू होती. २०१३ पासून बाजारभावावरून काढतात. एखाद्या औषधाचे जेवढे ब्रँड बाजारात एक टक्का किंवा त्याहून जास्त वाटा ठेवून आहेत त्यांच्या, दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची सरासरी घ्यायची आणि त्यावर दुकानदाराचे सोळा टक्के लावायचे. समजा तीन ब्रँड आहेत, दुकानदाराला एक ४० ला पडतो, एक ३० ला, एक २० ला. सरासरी ३०, त्यावर सोळा टक्के म्हणजे ३४ रुपये ८० पैसे, हे झालं छत, जीएसटी वरून. महाग ब्रँडला खाली यावं लागतं, जो आधीच खाली आहे त्याने तिथेच राहायचं. पण बघा, गोळी बनवायला दोन रुपये लागतात की वीस हे या हिशोबात कुठेच आलं नाही! महाग ब्रँड सरासरी वर ओढतात आणि त्याच सरासरीला आपण सरकारी किंमत म्हणतो. ऑल इंडिया ड्रग अॅक्शन नेटवर्कसारख्या संस्था हे वर्षानुवर्षं सांगतायत, सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्यात, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. तरी छत असणं हे नसण्यापेक्षा खूप बरं, म्हणून ते वापरायला शिकायचं.

वापरायचं कसं तर 'फार्मा सही दाम' नावाचं एनपीपीएचं अॅप आहे, वेबसाइटवरही शोधता येतं. त्यात ब्रँडचं नाव किंवा कंटेंट टाका, त्या पॉवरची कमाल किंमत दिसते. ही किंमत बहुतेक वेळा एका गोळीची असते आणि जीएसटी सोडून असते, इथे लोकांचा हिशोब चुकतो. समजा छत गोळीला २ रुपये आहे आणि स्ट्रिप पंधराची, तर ३० रुपये, त्यावर पाच टक्के जीएसटी दीड रुपया, म्हणजे एमआरपी जास्तीत जास्त ३१ रुपये ५० पैसे. स्ट्रिपवर ३८ छापलेत असं दिसलं तर दोन शक्यता, एक म्हणजे तुम्ही चुकीची पॉवर किंवा चुकीचा प्रकार बघताय (साधी गोळी आणि एसआर यांची छतं वेगळी असतात), दुसरी म्हणजे कंपनी खरंच जास्त घेतेय. पहिली शक्यता आधी नीट तपासा, मगच केमिस्टवर आवाज चढवा, कारण एमआरपी त्याने छापलेली नसते.

कॉम्बिनेशनच्या गोळ्यांचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. बीपीच्या दोन औषधांची एकच गोळी, शुगरच्या तीन औषधांची एकच गोळी, आपल्याकडे याचा सुळसुळाट आहे. सुटी सुटी औषधं यादीत असली तरी त्यांचं कॉम्बिनेशन यादीत असेलच असं नाही. यादीतल्या औषधात दुसरं काही मिसळून किंवा पॉवर बदलून नवी गोळी काढायची असेल तर त्या औषधाच्या सध्याच्या उत्पादकाला एनपीपीएकडून किरकोळ किंमत मंजूर करून घ्यावी लागते, आणि ही किंमत त्या त्या कंपनीच्या नावाने राजपत्रात येते, सगळ्यांना एकच छत असं नसतं. म्हणून अॅपवर कॉम्बिनेशन सापडलं नाही तर घाबरू नका. डॉक्टरांना मात्र एक विचारून ठेवा, की या दोन गोळ्या वेगवेगळ्या घेतल्या तर चालतील का. काहींना चालतं आणि स्वस्त पडतं, काहींना गोळ्या वाढल्या की घेणंच चुकतं, त्यांनी एकच घ्यावी.

दरवर्षी १ एप्रिलला बातम्या येतात की औषधं महागली. ती बातमी छतवाल्या औषधांची असते, आदल्या वर्षीच्या घाऊक महागाई दराएवढी वाढ कंपन्यांना आपोआप मिळते, वेगळी परवानगी लागत नाही. २०२२ ला ही वाढ १०.७७ टक्के होती, २०२३ ला १२.१२, आणि मग २०२४ ला जवळजवळ शून्य, ०.००५५१ टक्के, २०२५ ला १.७४. म्हणजे सलग दोन वर्षं यादीतल्या औषधांना यादीबाहेरच्या औषधांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढ मिळाली. कायमची गोळी चालू असेल तर मार्चमधलं बिल जपून ठेवा आणि मे-जूनमधल्या बिलाशी ताडून बघा, यादीबाहेरची गोळी वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढलेली दिसली तर ती तक्रारीची बाब आहे.

जीएसटीचं पण बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला आणि कॅन्सर, दुर्मिळ आजार वगैरेंच्या काही औषधांवर शून्य झाला. जी स्ट्रिप करासकट ११२ ची होती ती १०५ ला मिळायला हवी. त्यावेळी दुकानात असलेल्या जुन्या मालावर नवीन लेबल चिकटवायची सक्ती केली नव्हती, पण किंमत नवीनच लावायची होती. त्यामुळे बनवल्याची तारीख त्याआधीची असेल तर छापील एमआरपीवर न जाता बिलात जीएसटी किती टक्के लावलाय ते बघा, बारा दिसला तर विचारा.

पेटंटवाली नवी औषधं ही वेगळीच दुनिया. तिथे पेटंट आहे तोवर एकच कंपनी आणि ती म्हणेल ती किंमत. पेटंट संपलं की काय होतं ते शुगरच्या एम्पाग्लिफ्लोझिनवर सगळ्यांनी बघितलं, मार्च २०२५ मध्ये पेटंट संपलं आणि जी गोळी साठ रुपयांच्या आसपास होती तिचे ब्रँड पाच-सहा रुपयांपासून मिळायला लागले, सरकारने कुठलंही छत न बांधता. तुमची एखादी गोळी खूप महाग असेल तर डॉक्टरांना किंवा ओळखीच्या केमिस्टला विचारा की याचं पेटंट संपलं का, दुसऱ्या कंपनीचं आलं का. बरेच पेशंट जुनाच ब्रँड जुन्याच भावाने घेत राहतात कारण चिठ्ठीवर तोच लिहिलेला असतो.

आता चिठ्ठीचंच घेऊ. डॉक्टरने ब्रँड लिहिला असेल तर केमिस्ट स्वतःहून त्याऐवजी दुसरा ब्रँड देऊ शकत नाही, शेड्यूल एचच्या म्हणजे चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधांना नियमानेच ते मना आहे, तेव्हा 'स्वस्तातलं द्या ना' म्हणून त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. किल्ली डॉक्टरांकडे आहे. तपासणी संपता संपता एवढंच म्हणा, 'डॉक्टर, कंटेंटचं नाव लिहाल का, जनऔषधीतून घेईन म्हणतो.' (जनऔषधी म्हणजे सरकारी योजनेतली स्वस्त औषधांची दुकानं, त्यांचं पुढे येतंच.) जेनेरिक म्हणजे औषधाच्या मूळ नावाने, वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहावं असं डॉक्टरांच्या आचारसंहितेत २०१६ पासून आहेच. २०२३ ला ते जास्त कडक करणारे नियम आले होते पण तीन आठवड्यांत स्थगित झाले, म्हणून सक्ती आहे असं सांगायला जाऊ नका, विनंती करा. बहुतेक डॉक्टर लिहून देतात. एखादा नाही म्हणाला तर कारण विचारा, कारण फिट्सची औषधं, थायरॉइडची गोळी, रक्त पातळ करणारं वॉरफरिन यात ब्रँड सारखा सारखा बदलणं बरं नसतं आणि बदलला तर तपासणी परत करावी लागते. इथे पैसे वाचवायला स्वतःच्या मनाने बदल करू नका, हे अगदी कळकळीने सांगतोय.

जनऔषधी केंद्रात औषधं ब्रँडच्या तुलनेत निम्म्याहून कमी, कधी ८० टक्क्यांपर्यंत स्वस्त मिळतात, देशात १५,००० च्या वर केंद्रं झालीत. 'जनऔषधी सुगम' अॅपवर जवळचं केंद्र आणि औषधाची किंमत दोन्ही दिसतं. अडचण एकच, सगळं सगळीकडे नसतं, आणि छोट्या गावातलं केंद्र असेल तर आधी फोन करून विचारलेलं बरं नाहीतर चिठ्ठीतली दोन मिळतात आणि बाकीची परत मेडिकलमधून घ्यावी लागतात. कायमच्या गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी सांगितलं तर बरेच केंद्रवाले मागवून ठेवतात. आणि सरकारी दवाखाना विसरू नका, महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, बीपी-शुगरच्या साध्या गोळ्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपजिल्हा रुग्णालय खरंच उपयोगी पडतं, साठा असेल तेव्हा.

साध्या मेडिकलमध्येही 'जेनेरिक' म्हणून स्ट्रिपा मिळतात आणि त्यावर केमिस्ट ५०-६० टक्के डिस्काउंट देतो. हे ऐकायला छान वाटतं पण त्यातल्या बऱ्याच औषधांची एमआरपी मुळातच फुगवून छापलेली असते आणि दुकानदाराला ती खूप कमी भावात पडलेली असते. म्हणून डिस्काउंट किती मिळाला ते बघू नका, एका गोळीला शेवटी किती पडले ते काढा आणि जनऔषधीच्या भावाशी लावून बघा.

हॉस्पिटलमध्ये अॅडमिट असताना हे सगळं सुचणं अवघड असतं हे मान्य, पण तिथेच सगळ्यात जास्त पैसे जातात. एनपीपीएने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली तर काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा निघाला. एमआरपी पाळूनच, कारण बऱ्याच मालावर एमआरपी जास्त छापून हॉस्पिटलला स्वस्तात दिला जातो आणि मधला फरक हॉस्पिटलकडे राहतो. औषध कुठून घ्यायचं हे निवडायचा अधिकार पेशंटला आहे, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत तो लिहिलाय, आणि आपल्याकडे एफडीएने म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने हॉस्पिटलांना तसा फलक लावायलाही सांगितलंय. आयसीयूमध्ये रात्री दोनला इंजेक्शन लागलं तर खालच्याच दुकानातून घ्या, तिथे वेळ घालवू नका. पण रोज लागणारी महागडी अँटिबायोटिक इंजेक्शनं, डायपर, सलाईनचं सामान असेल तर चिठ्ठी मागून बाहेरचा भाव विचारा, आणि शक्यतो घरातला एक जण फक्त याच कामाला ठेवा.

अँजिओप्लास्टी असेल तर स्टेंटचं, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात त्या जाळीचं, छत माहीत असू द्या. फेब्रुवारी २०१७ च्या आधी औषध लावलेला स्टेंट सरासरी लाखाच्या वर जायचा, तेव्हा तो २९,६०० वर आणला, एप्रिल २०२५ ला तो साधारण ३८,९३३ होता, जीएसटी सोडून. बिलात स्टेंट वेगळा दाखवला पाहिजे, ब्रँड आणि बॅचसकट, नुसतं 'पॅकेज' लिहिलेलं असेल तर फोड करून मागा. बलून, कॅथेटर, हॉस्पिटलचे चार्जेस यांना मात्र असं छत नाही, म्हणून स्टेंट स्वस्त झाला तरी एकूण बिल त्या मानाने उतरत नाही. गुडघ्याच्या इम्प्लांटलाही ऑगस्ट २०१७ पासून छत आहे, तिथेही इम्प्लांटची किंमत वेगळी मागायची.

जास्त पैसे घेतलेत अशी खात्री झाली तर तक्रार. केमिस्टने एमआरपीपेक्षा जास्त घेतले असतील तर राज्याच्या एफडीएकडे, महाराष्ट्रात टोल फ्री १८०० २२२ ३६५. कंपनीने छतापेक्षा जास्त एमआरपी छापली असेल तर एनपीपीएकडे, १८०० १११ २५५ वर किंवा त्यांच्या 'फार्मा जन समाधान' या ऑनलाइन तक्रार सेवेवर. पक्कं बिल आणि स्ट्रिपचा तो फोटो दोन्ही लागतं, कच्च्या कागदावरच्या आकड्यावर काही होत नाही. एक स्पष्ट सांगतो, कंपनीकडून वसूल झालेली जादा रक्कम व्याजासकट सरकारजमा होते, पेशंटच्या खिशात परत येत नाही, आणि हे मला अजिबात पटत नाही. पण तक्रारीमुळे पुढच्या बॅचची किंमत उतरू शकते, तेव्हा करावी.

शेवटचा मुद्दा औषध न मिळण्याचा, आणि हाही किमतीशीच जोडलेला. छत फार खाली गेलं आणि कच्चा माल महागला की कंपन्या ते औषध बनवणंच कमी करतात. म्हणून सरकारला उलटं पण करावं लागतं, ऑक्टोबर २०२४ मध्ये बेन्झिल पेनिसिलिन, अॅट्रोपिन, लिथियम, सालब्युटामॉल अशा आठ जुन्या औषधांच्या अकरा प्रकारांच्या किमती ५० टक्क्यांनी वाढवून दिल्या, कारण ती बाजारातून जायला लागली होती. दम्याच्या किंवा मानसिक आजाराच्या पेशंटला स्वस्त गोळी मिळेनाशी होणं हे महाग गोळीपेक्षा वाईट, म्हणून ही वाढ मला योग्य वाटते. यादीतलं औषध बंद करायचं असेल तर कंपनीला सहा महिने आधी कळवावं लागतं आणि सरकार वर्षभरापर्यंत ते चालू ठेवायला लावू शकतं. तेव्हा तुमची गोळी दुकानादुकानात फिरून मिळत नसेल तर डॉक्टरांकडून पर्याय लिहून घ्याच, पण एनपीपीएच्या त्याच हेल्पलाइनवर औषध मिळत नसल्याची नोंदही करा, आणि त्यात औषधाचं मूळ नाव, पॉवर, गाव आणि किती दुकानं फिरलात ते लिहा, कारण नुसतं अमुक ब्रँड मिळत नाही असं लिहिलंत तर दुसऱ्या कंपनीचं उपलब्ध आहे एवढंच उत्तर येऊ शकतं.